बन्सीची तीन बारशी

ऐका, मधी कुणी बोलू नका, नाहीतर मी अर्धंच सांगते आन् मग तुम्हीच नावं ठेवता. तर आमच्या घरात एका वर्षात नऊ वर्षांच्या पोराचं नाव दोनदा बदललं. आन् बदललं कुणी, तर माझ्या बापानं. तोच माझा बाप, जो क्रांती चौकात मोर्चाच्या पुढं उभा राहून घसा बसेस्तोवर ओरडला होता की मराठवाडा विद्यापीठाच्या नावातलं एक अक्षर हलू देणार नाय. मोर्चातनं घरी आला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, आन् त्याच बसक्या आवाजात म्हणाला, बन्सीचं नाव बदलायचं. मला लई हसू आलं, पण आमच्या घरात हसायची सोय नाय.

बापाला सगळी मुकुंदवाडी काकासाहेब म्हणते, म्हून आम्ही लेकरंपण काकासाहेबच म्हणतो. पिशोरहून इथं आले ते खिशात जमिनीचे पैसे आन् डोक्यात दहा धंदे घेऊन. वीटभट्टी काढली, चार महिन्यांत तिकडं फिरकायचं बंद. मग एमआयडीसीत प्लॉट घेतला, शेडचे खांब उभे केले, पत्रे चढायच्या आधीच मॅटाडोर घेतली. मॅटाडोरला धंदा लागतो न लागतो तोच डाळमिल. ते खांब अजून तसेच उभे हायेत, त्यांना लोकं बैल बांधतात. पण लोकं काय म्हणतात, काकासाहेब म्हणजे धडाडी. जेवताना तीनदा उठणार, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर देणार, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणार आन् आम्हाला शिव्या देणार. तरी धडाडी.

आन् बन्सी हेच करतो तर ते येडं.

बन्सी माझ्या भावाचा, बद्रीनाथदादाचा. दादा वाळूजला कंपनीत हाय, तीन पाळ्या, दिवसा घरी असला तरी झोपलेला. त्याला उठवायची बंदी. वहिनीचं नाव आशाबाई. सासऱ्यापुढं पदर डोक्यावरनं खाली नाय आन् आवाज घशातनं वर नाय. अशा दोघांचं हे पोर. एक घास ताटात खाणार, दुसरा ओट्यावर, तिसरा कुत्र्याशी बोलत. शाळेतनं येणार तर एका पायात चप्पल. दुसरी कुठं, तर ‘असंल की’. गणितं दहा दिली तर सहा सोडवणार, ती सहाही बरोबर, आन् सातव्याला पेन्सिल शेजाऱ्याच्या वहीवर. पण दादाचा बंद पडलेला रेडिओ उघडून दिला, तर तीन तास मान वर नाय. तेव्हा हाक मारा, हलवा, पाणी ओता, काही उपयोग नाय.

उपाय मात्र ज्याला त्याला ठाऊक. समोरची भागूबाई म्हणे दृष्ट. शाळेचे हेडसर म्हणे लाड. दादाचा फोरमन म्हणे टीव्ही, आन् आमच्याकडं टीव्हीच नव्हता. काकासाहेबांनी आधी पट्टा वापरून बघितला. पट्टा तुटला, पोरगं तसंच. मग ह्यांच्या डोक्यात आलं की नाव मानवत नाय.

आता तुम्हाला माहीत हाय, आपल्याकडं लेकरू जगंना झालं की दगडू, धोंडू असं काहीतरी हलकं नाव ठेवतात. पण ते पाळण्यातल्या लेकराला. हे घोडं नऊ वर्षांचं. काकासाहेबांनी गावाकडच्या पिराला नवस बोलला आन् पाडव्याला त्याचं नाव ठेवलं फकिरा. नाव ठेवायचं म्हणजे बारसं पाहिजे, बारशाला पाळणा पाहिजे, पाळणा शेजारनं मागून आणला. नऊ वर्षांचा पोरगा पाळण्यात. गुडघे छातीशी, पाय बाहेर. बाया गाणं म्हणायच्या सोडून तोंडात पदर कोंबून बसलेल्या. कानात नाव सांगायचं काम कुणाचं, तर आत्याचं, म्हणजे माझं. तो जन्मला तेव्हा मी दहा वर्षांची होते, तेव्हा मीच त्याच्या कानात बन्सी सांगितलं होतं. आता परत वाकले, बायांनी रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या, मी कुर्रर्र केलं आन् फकिरा म्हणाले. पोरानं खदाखदा हसून अशी उडी मारली की पाळण्याची दोरी तुटली. घुगऱ्या वाटल्या, लोकं खाऊन गेले, फकिरा दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर चढला. आठ दिवसांत सगळे परत बन्सीच म्हणायला लागले, काकासाहेबसुद्धा. त्यांच्या ध्यानात कुठं राहतंय.

दिवाळी झाली. काकासाहेब गुलमंडीत कापड आणायला गेले आन् कापड विसरून एका पंचांगवाल्याला घेऊन आले. तो म्हणे, बन्सी म्हणजे पोकळ वस्तू, वारं भरलं की वाजणारच. जड नाव ठेवा, कडू ठेवा, आन् नुसतं घरात नाय, चारचौघांत रोज पुकारलं गेलं पाहिजे. झालं. कडुबा ठरलं. आन् चारचौघांत रोज कुठं पुकारणार, तर शाळेत. शाळेला काकासाहेबांनी पाण्याची टाकी दिलेली, म्हून हेडसर ह्यांना नाय म्हणत नाय. काकासाहेबांनी अर्ज दिला, हेडसरांनी रोजच्या हजेरीच्या वहीत बन्सी खोडून कडुबा लिहिलं. विद्यापीठाच्या नावासाठी लोकांनी सोळा वर्षं लाठ्या खाल्ल्या, घरं जळाली, माणसं मेली. आन् हे नाव दोन मिनिटांत, चहा पिता पिता.

परत पाळणा. ह्या वेळी पोरगं हसलं नाय. शाळेतल्या कुणीतरी पोरांनी खिडकीतनं बघितलं होतं आन् त्याला ते कळलं होतं. मी वाकले तर त्याचे डोळे भरलेले, आन् मला म्हणतंय, आत्या, मी आता कोण. मला इतका राग आला सगळ्यांचा, त्या बायांचा, त्या घुगऱ्यांचा, माझापण. पाठीत बुक्क्या पडायल्यात, काकासाहेब म्हणायलेत आटपा, आन् मी त्याच्या कानात कडुबा म्हणालेच नाय. मी म्हणाले, तू बन्सीच हायस, दुसऱ्या कुठल्या नावाला ओ देऊ नको. आन् मोठ्यानं कुर्रर्र केलं.

मला वाटलं, विसरंल. हे पोरगं दूध आणायला पाठवलं तर गल्लीच्या टोकाला दूध विसरतं.

संक्रांतीच्या आधी शाळेतनं कागद आला. आपला पाल्य दिवाळीच्या सुटीनंतर एकही दिवस शाळेत हजर नाही, वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, सव्वीस जानेवारीच्या आत दाखला घेऊन जावा. एकही दिवस नाय. वहिनी रोज त्याला फाटकापर्यंत सोडत होती. काकासाहेबांनी निकाल दिला, फाटकातनं आत जातं आन् मागच्या भिंतीवरनं पळतं. पोराला विचारलं तर म्हणालं, मी असतो की. एक थोबाडीत. परत विचारलं, मी असतो. दुसरी. मग काकासाहेबांनी फर्मान काढलं की शिक्षण ह्याच्या नशिबात नाय, झेंडावंदन झालं की पिशोरला पाठवायचं, चुलत्याच्या शेळ्यामागं फिरू दे, तिथं पळायला जागा तरी हाय.

त्या दिवशी वहिनीनं भाकरी थापता थापता मला सांगितलं की ती स्वतः तिसरीतनं सुटली होती, शेळ्यामागंच. बसच्या पाट्या तिला वाचता येत नाय, मुकुंदवाडी आन् वाळूज सारखंच दिसतं. म्हणाली, माझ्या लेकराचं असं नाय होऊ देणार. मोठ्यानं नाय म्हणाली, तव्याला सांगितल्यासारखं म्हणाली. पण म्हणाली. आन् मग तिनं ह्याच्या पुढं जे काही केलं, ते मी तिच्याकडनं सात जन्मात धरलं नव्हतं. दादाच्या कंपनीचं कार्ड घेऊन ईएसआयच्या डॉक्टरकडं गेली, सगळं सांगितलं, आन् त्यांनी ते सगळं लिहून चिठ्ठी दिली सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरची. घरी कळलं तेव्हा काकासाहेब म्हणाले, येड्याच्या डॉक्टरकडं, माझ्या घरातलं. मग म्हणाले, मीपण येतो, त्याच्या तोंडून ऐकतो की हे सुधारणार नाय, म्हणजे हे रोजचं रडगाणं मिटंल.

मंगळवार होता. आदल्या शुक्रवारीच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिल्याचं जाहीर झालेलं. चौकाचौकात पोलीस, काही ठिकाणी मिठाई, काही ठिकाणी दुकानं बंद. काकासाहेबांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं. आन् दवाखान्यात दारावर पाटी, डॉ. वाहुळ. थबकले तिथंच. आडनाव वाचलं की माणूस पुरता कळला, असा ह्यांचा हिशेब. शिपायाला विचारतात, दुसरा कुणी डॉक्टर नाय का. तो म्हणाला, हायेत, गुरुवारी येतात, आज मंगळवार.

आत गेलो. बाई होत्या, पस्तिशीच्या, टेबलावर फायलींचा ढीग. काकासाहेबांनी बसायच्या आधी विचारलं, “तुम्ही कोणत्या विद्यापीठाच्या?”

“इथल्याच,” बाई म्हणाल्या. “डिग्रीवर जुनंच नाव आहे, तुमच्या आवडीचं. बसा.”

बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी एका शब्दात बसवलं.

बाई वहिनीला विचारायच्या आन् उत्तर काकासाहेब द्यायचे, तेपण प्रश्न अर्ध्यात असताना. हाती घेतलेलं काम पुरं करतो का. हे म्हणे, नाव नको. वस्तू हरवतो का. रोज. आपली पाळी यायच्या आत मधी बोलतो का. हे तर बाईंचं वाक्यच पुरं होऊ देईनात. एका जागी बसतो का, असं विचारलं तेव्हा काकासाहेब खिडकीशी उभे, खाली लावलेली मोटरसायकल बघत, आन् तिथनंच म्हणाले, एक मिनिट टिकत नाय. मी वहिनीकडं बघितलं. वहिनी जमिनीकडं बघायली होती, पण तिची बोटं हलत होती, काहीतरी मोजल्यासारखी.

बन्सी तोवर टेबलाखाली. बाईंनी त्याच्या हातात एक बंद पडलेलं घड्याळ दिलं, उघड म्हणाल्या, आन् तो उघडायला लागला तसं सहज विचारलं, शाळेत हजेरी घेतात तेव्हा तू कुठं असतोस.

“वर्गात.”

“मग हजर का म्हणत नाहीस?”

“माझं नावच घेत नाय.”

“कडुबा घेतात ना?”

“तो मी नाय,” बन्सी म्हणाला, घड्याळातनं मान वर न करता. “आत्यानं सांगितलंय, ओ द्यायची नाय.”

दीड महिना. बहात्तर पोरांचा वर्ग, वर्गबाई मान खाली घालून नावं वाचणार, कडुबा म्हणणार, गप्प, लाल फुली, पुढचं नाव. आन् हा तिसऱ्या बाकावर बसून ऐकणार आन् ओ देणार नाय, कारण मी सांगितलं होतं. थोबाडीत खाल्ल्या तरी माझं नाव घेतलं नाय.

मी उभी राहिले आन् सांगून टाकलं. बारशात काय म्हणाले ते, शब्दाला शब्द. काकासाहेब माझ्यावर धावले असते, पण मधी टेबल होतं. म्हणाले, म्हणजे हे नाटकी हाय, लक्ष नाय लक्ष नाय म्हणता आन् एवढं बरं ध्यानात ठेवलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हाच तर आजार आहे, आणि हाच तुम्हाला नाटक वाटतो. ह्याच्याकडं लक्ष कमी नाय, लक्ष ह्याच्या हुकमात नाय. मनाला लागलं तिथं चिकटतं, मग सुटत नाय. नाय लागलं तिथं धरून ठेवायला ह्याला तुमच्या दहापट जोर लागतो, तो जोर संपला की तो उठतो. मुद्दाम उठत नाय. कंटाळा सगळ्यांना येतो, पण बाकीच्यांना तो आवरता येतो. मेंदूची घडणच अशी आहे, जन्मापासून, त्यात नावाचा दोष नाय, आईचा नाय, वाऱ्याचा तर नाहीच. मग त्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, अटेन्शन डेफिसिट आन् पुढं बरंच काही. काकासाहेबांनी ते दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाय, सोडून दिलं.

मग उपाय सांगितले. पुढच्या बाकावर बसवा. गणितं दहा देऊ नका, दोन द्या, मग उठू द्या, मग परत दोन. मारानं फक्त मार खायची सवय लागते. गोळी लागली तर नंतर बघू.

वहिनीनं विचारलं, अगदी हळू, हे मोठेपणी जातं का.

बाई म्हणाल्या, काहींचं कमी होतं, काहींचं राहतं. उड्या थांबतात, आतली पळापळ थांबत नाय. माणूस कामं सुरू करतो, संपवत नाय. दुसऱ्याचं ऐकून घेता येत नाय. लोक त्याला कधी हुशार म्हणतात, कधी बेजबाबदार, आन् त्याला स्वतःलाच कळत नाय की आपलं सगळं अर्ध्यात का सुटतं. आन् बऱ्याच वेळा हे घराण्यातनं येतं.

“आमच्या घराण्यात असलं काही नाय,” काकासाहेब म्हणाले आन् उठले.

“तुम्ही आल्यापासून किती वेळा उठलात?”

“एकदोनदा.”

“सात,” वहिनी म्हणाली.

मी तर म्हटलं आता छत कोसळतं. बारा वर्षांत वहिनीनं सासऱ्यापुढं काढलेला पहिला उलटा शब्द तो हा. काकासाहेब उभेच, अर्धे वाकलेले, बसावं की जावं कळंना. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, बरं का. मी असते तर हसले असते, सात जन्म हसले असते. बाईंनी नुसतं विचारलं, तुम्ही किती शिकलात.

“चौथी,” काकासाहेब म्हणाले. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाले, “मास्तर मला खांबाला बांधायचा. माझ्याच उपरण्यानं. पोरं येताजाता टपली मारायची. एक दिवस उपरणं सोडवून घेतलं आन् गेलोच नाय परत.”

हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पण खरं सांगू का, मला दया आली नाय, मला आणखी राग आला. स्वतः खांबाला बांधून घेतलेला माणूस नातवाला पट्टा लावतो. त्याला तर पहिलं कळायला पाहिजे होतं.

बाईंनी शाळेच्या नावानं पत्र दिलं. आम्ही तसेच शाळेत गेलो. हेडसरांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले, ते आजाराचं ठीक, पण नावाचं काय. ज्यानं नाव बदलायचा अर्ज दिला त्याच्याच हातचा अर्ज पाहिजे, नाव परत पहिलं करा म्हणून, कारणासकट, पुढच्या मंगळवारपर्यंत. तेव्हा टाकीची भीड होती म्हून दोन मिनिटांत झालं, आता तपासणी जवळ आली म्हून ह्यांना नियम आठवले. मी म्हणाले, मी लिहिते, ते सही करतील. नाय, त्यांच्याच हातचा.

आन् इथनं खरी मजा. काकासाहेब अर्ज लिहायला बसले बुधवारी. ‘मा. मुख्याध्यापक साहेब’ लिहिलं आन् डाळमिलवाल्याचा निरोप आला. गुरुवारी त्याच कागदावर तारीख घातली आन् शाई संपली, शाई आणायला गेले ते टायर बदलून आले. शुक्रवारी कागदच सापडंना. शनिवारी कागद सापडला तर चष्मा नाय. त्यात मोर्चातले जोडीदार ओट्यावर बसून चिडवायले, काय काकासाहेब, ऐकलं ते खरं का, तुम्हीच आता नामांतराचा अर्ज लिहायलात. त्यांच्यापुढं हे म्हणाले, कोण म्हणतं, पाठवतोच हाय त्याला पिशोरला. वहिनीनं आतनं ऐकलं. बन्सीनंपण ऐकलं. त्यानं आपलं दफ्तर उचललं आन् कपाटाच्या मागं लपवलं, कुणी नेऊ नये म्हून.

सोमवारी सकाळी काकासाहेब मोटरसायकलला किक मारायले तर वहिनी समोर जाऊन उभी. हातात कागद, पेन, चष्मा.

“मामंजी, एकच ओळ लिहा. मग उठा.”

त्यांनी गाडी स्टँडला लावली. मग काय वाटलं काय माहीत, ओट्यावर बसले. एक ओळ लिहिली. उठले, किक मारली, बंद केली, परत आले. दुसरी ओळ. उठले, दूधवाल्याशी भांडले. तिसरी. तुळशीला पाणी घातलं, जे त्यांनी जन्मात कधी घातलं नाय. वहिनी तिथंच उभी, फक्त पुढच्या ओळीवर बोट ठेवायची. बन्सी खांबाला टेकून बघायला लागला. त्याला बघून मला वाटलं, ह्याला ही तऱ्हा ओळखीची वाटायली.

सहावी ओळ कारणाची होती. तिथं पेन अडलं. ह्या वेळी मात्र उठले नाहीत. मग लिहिलं, ‘कारण, घरच्यांच्या चुकीमुळे’. घरच्यांच्या, म्हणे. मी तोंड उघडणार होते, वहिनीनं मला डोळ्यानंच गप्प केलं. तिनं आपलं बोट त्या एका शब्दावर ठेवलं आन् उचललंच नाय. तिला वाचता येत नाय असं म्हणतात, पण तेवढं तिला बरोबर वाचता आलं. काकासाहेबांनी तिच्या बोटाकडं बघितलं. मग बोट बाजूला व्हायची वाट बघितली, शब्द खोडला आन् वर लिहिलं, ‘माझ्या’. आठव्या ओळीला सही.

मंगळवारी सगळे शाळेत. हेडसरांनी अर्ज घेतला, नाव बदललं, बन्सी बद्रीनाथ. मग म्हणाले, नाव झालं, पण एक्केचाळीस दिवसांची गैरहजेरी ती गैरहजेरी. वहीत फुली हाय म्हणजे पोरगं नव्हतं. परीक्षेला बसता येणार नाय. असं शांतपणे म्हणाले की मला टेबल उलटं करावंसं वाटलं.

काकासाहेब ओरडायला लागले, टाकी, टाकीचे उपकार, ट्रस्टी, सगळं एकदम. हेडसर आपले खिडकीबाहेर झेंड्याचा खांब रंगवायला लावलेल्या पोरांना बघायले. वहिनीनं पिशवीतनं एक पुडकं काढलं. वर्गबाईंनी बन्सीच्या हातनं घरी पाठवलेल्या चिठ्ठ्या, वाचता येत नव्हत्या तरी तिनं एकपण फेकली नव्हती. मी एकेक वाचली. ‘आज शेजारच्या मुलाच्या वहीवर चित्र काढले.’ ‘आज पाच वेळा पाणी प्यायला गेला.’ ‘आज खिडकीतून बाहेर बोलत होता.’ खाली तारीख, खाली बाईंची सही. एकोणीस चिठ्ठ्या. हजेरीची वही मागवली. एकोणीसच्या एकोणीस तारखांना लाल फुली.

“सर,” वहिनी म्हणाली, “नव्हताच तर पाणी प्यायला कोण गेलं?”

हेडसरांनी चिठ्ठ्या परत मोजल्या. वर्गबाईंना बोलावलं. बाई म्हणे, वहीतला कडुबा म्हणजे हाच हे ध्यानातच आलं नाय, हजेरी घेताना मी मान वर करून बघत नाय, बहात्तर पोरं हायेत. ते तर खरंच, बहात्तर पोरं. पण चिठ्ठी लिहायला मान वर व्हायची, हजेरीला नाय. हेडसरांनी सांगितलं, बसा इथंच, आत्ता, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दुरुस्त करा, प्रत्येक फुलीपुढं बारीक सही. काकासाहेब बाहेर जाऊन मोटरसायकल पुसायले. बन्सी पहिल्या बाकावर जाऊन बसला, एकटाच, रिकाम्या वर्गात, आन् आम्ही बोलवायच्या आत दोनदा उठून परत येऊन बसला.

वर्गबाईंनी दहा फुल्या दुरुस्त केल्या, पेन टोपणात घातलं, जांभई दिली आन् म्हणाल्या, बाकीचं उद्या करते, फार कंटाळवाणं काम आहे हो, चहा घेऊन येते. उठल्यासुद्धा.

आन् त्यांना तर कुठल्याच डॉक्टरनं काही लिहून दिलेलं नव्हतं. वहिनीनं दारातली खुर्ची उचलली, दार लावून त्याला टेकवून ठेवली आन् स्वतः तिच्यावर बसली. म्हणाली, बसा बाई, अजून एकतीस राहिल्यात.